जुन्या गाडीला बाहेरच्या दुकानातून अलार्म बसवताना: निवड, जोडणी आणि तपासणी

मारुती ८००, जुनी अल्टो, जुनी वॅगन-आर, सँट्रो किंवा इंडिका यांची बेसिक मॉडेल ज्यांनी घेतली, त्यांना कंपनीकडून सेंट्रल लॉकिंगही मिळाले नाही, मग अलार्म तर दूरच. अशा गाड्या आजही मोठ्या संख्येने वापरात आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच सोसायटीच्या आवारात जागा नसल्यामुळे रात्रभर रस्त्याच्या कडेला उभ्या असतात. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा कोणत्याही तालुक्याच्या गावातल्या कार डेकोरच्या दुकानात यांच्यासाठी काही हजार रुपयांत अलार्मचा संच मिळतो आणि तिथलाच इलेक्ट्रिशियन अर्ध्या दिवसात तो बसवूनही देतो. गंमत अशी की, एकाच कंपनीचा तोच संच एकाच्या गाडीत वर्षानुवर्षे बिनतक्रार चालतो आणि दुसऱ्याच्या गाडीत महिनाभरातच मालक स्वतः त्याचा कप्लर (तारा जोडणारा प्लग) काढून ठेवतो. हा फरक जवळजवळ नेहमीच जोडणीचा असतो. म्हणून या लेखात कोणता संच घ्यावा यापेक्षा तो बसवून घेताना कशाकडे लक्ष द्यावे, काय विचारावे आणि गाडी ताब्यात घेण्यापूर्वी काय तपासावे, यावर अधिक भर दिला आहे. तारांचे काम स्वतः करण्याचा अनुभव नसेल तर ते इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे, मात्र काम चालू असताना तिथे उभे राहावे.

आधी अपेक्षा स्पष्ट असाव्यात. अलार्म तीन गोष्टी करू शकतो: गाडीशी छेडछाड झाली की आवाज करणे, दार, डिकी किंवा बॉनेट उघडले गेल्यास ते ओळखणे, आणि रिले (विजेने चालणारा स्विच) जोडला असेल तर इंजिन सुरू होऊ न देणे. मागच्या सीटवर ठेवलेली लॅपटॉपची बॅग काच फोडून वीस सेकंदांत उचलणाऱ्याला तो अडवू शकत नाही. तिथे बॅग न ठेवणे हाच उपाय आहे. गाडी क्रेनने उचलून नेणाऱ्यापुढेही तो फक्त ओरडतो. पण चावी बनवून किंवा इग्निशनचे लॉक तोडून गाडी चालवत नेऊ पाहणाऱ्या चोराला नीट बसवलेला अलार्म खरोखर जड जातो, आणि या जुन्या गाड्यांना धोका मुख्यतः अशाच चोराचा असतो.

ज्या गाडीच्या चावीत चिप आहे, म्हणजे कंपनीचा इमोबिलायझर आहे, तिथे हिशेब वेगळा होतो. चिप ओळखल्याशिवाय इंजिनाचा संगणक इंधन सोडत नाही, त्यामुळे स्टार्टरची तार कापून रिले घालण्याची गरज उरत नाही. अशा गाडीसाठी कंपनीच्याच रिमोटवर चालणारा, कप्लरला कप्लर जोडून बसणारा संच घ्यावा, कारण कापलेल्या तारांमुळे विजेच्या भागांची वॉरंटी नाकारली जाऊ शकते. बटण दाबून सुरू होणाऱ्या नव्या गाड्यांचे चोर तर काच फोडून स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला, म्हणजे मेकॅनिक दोष तपासायला जे वापरतो त्याला, यंत्र जोडतात आणि नवी चावीच नोंदवून घेतात. तिथे भोंग्यापेक्षा गिअर लॉक, स्टिअरिंग लॉक आणि ओबीडी सॉकेटवरचे कुलूपबंद झाकण यांवर पैसे खर्च करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

संच निवडताना

दुकानदार सहसा भोंग्याचे सहा आवाज वाजवून दाखवतो. त्यांना काहीही महत्त्व नाही. विचारायचे ते रिमोटच्या कोडबद्दल. जुन्या आणि अगदी स्वस्त संचांत रिमोट दर वेळी तोच ठरावीक कोड पाठवतो. शेजारी उभे राहून तो पकडणारे आणि पुन्हा पाठवणारे यंत्र चोराजवळ असू शकते. रोलिंग कोड असलेल्या संचात प्रत्येक दाबण्याला कोड बदलतो, त्यामुळे पकडलेला कोड पुन्हा वापरता येत नाही. खोक्यावर तसा स्पष्ट उल्लेख नसेल तर तो संच घेऊ नये.

दुसरी गोष्ट म्हणजे भोंग्याला स्वतःची बॅटरी आहे का. साधा भोंगा गाडीच्या बॅटरीवर चालतो, त्यामुळे बॅटरीचे एक टर्मिनल सोडवले की तो गप्प होतो. आतमध्ये छोटी रिचार्जेबल बॅटरी असलेला भोंगा मात्र गाडीची वीज तोडताच स्वतःहून ओरडू लागतो. अशा भोंग्याला सहसा बाजूला बंद करण्याची एक लहान चावी असते. संचात साधा भोंगा असेल तर थोडे जादा पैसे देऊन तो बदलून घ्यावा. रात्री रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी यापेक्षा सार्थ खर्च दुसरा नाही.

तिसरी गोष्ट, पुण्याच्या ‘एआरएआय’चे, म्हणजे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाचे प्रमाणपत्र. भारतीय मोटर टॅरिफमध्ये, म्हणजे गाड्यांच्या विम्याच्या दरपत्रकात, या संस्थेने मान्य केलेले चोरीविरोधी उपकरण बसवल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियमवर २.५ टक्के, पण जास्तीत जास्त ५०० रुपये, सवलतीची तरतूद होती, आणि ही वजावट अनेक पॉलिसींच्या तक्त्यात अजूनही दिसते. रक्कम किरकोळ असली तरी मान्यताप्राप्त संचात तारा, फ्यूज आणि कप्लर बरे असतात, हा खरा लाभ. बिलावर उपकरणाचे मॉडेल लिहून घ्यावे आणि विमा कंपनीला ते आधीच विचारून घ्यावे.

बॉनेटच्या स्विचसाठी वेगळी तार आणि रिमोट हरवल्यावर अलार्म बंद करण्याचा छुपा स्विच या दोन गोष्टी बहुतेक संचांत असतात, तरीही खोके उघडून पाहावे.

बॅटरीचा हिशेब

अलार्म चोवीस तास जागा असतो, म्हणजे चोवीस तास थोडी वीज खातो. समजा तो २० मिलिअॅम्पिअर घेतो आणि घड्याळ, टेप यांसारख्या गाडीच्या इतर गोष्टी मिळून आणखी २० मिलिअॅम्पिअर घेतात. दिवसाला सुमारे १ अॅम्पिअर-तास झाला. लहान गाडीची बॅटरी ३५ अॅम्पिअर-तासांची असते, म्हणजे गाडी दोन आठवडे न हलवल्यास तिच्यातली साधारण ४० टक्के वीज गेली. नवी बॅटरी एवढे सहन करते, तीन-चार वर्षे वापरलेली मात्र स्टार्टर फिरवायला नकार देऊ शकते. मे महिन्यात गाडी बंद करून गावी जाणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. बॅटरी आधीच थकलेली असेल तर अलार्मच्या आधी ती बदलावी, नाहीतर पुढे प्रत्येक दोष अलार्मच्या नावावर जातो.

अलार्म बसल्यावर हा वापर मोजून घेता येतो. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवरची तार सोडवून तिच्यात आणि टर्मिनलमध्ये मल्टिमीटर १० अॅम्पिअरच्या रेंजवर ठेवून जोडावा, दारे लावावीत, बॉनेटचा स्विच दाबून बांधून ठेवावा, अलार्म चालू करावा, म्हणजे पहाऱ्यावर ठेवावा, आणि अर्धा तास थांबून आकडा वाचावा. तो ५० मिलिअॅम्पिअरच्या आत असावा. मीटर जोडलेला असताना चावी फिरवू नये, कारण मीटरचा फ्यूज तत्काळ जातो. ज्या भोंग्याला स्वतःची बॅटरी आहे तो टर्मिनल सोडवताच वाजेल, म्हणून त्याची चावी आधी फिरवून ठेवावी.

प्रत्यक्ष जोडणी

कामाची सुरुवात १० नंबरच्या पान्याने बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडवून व्हावी. एअरबॅग असलेल्या गाडीत पिवळ्या आवरणातल्या तारांना हात लावू द्यायचा नाही, आणि टेस्ट लॅम्प (तारेत वीज आहे का हे पाहायचा दिवा) तर त्यांच्या जवळही न्यायचा नाही.

मुख्य युनिट कुठे ठेवायचे हा प्रश्न बहुतेक इलेक्ट्रिशियन दोन मिनिटांत सोडवतात: स्टिअरिंगखाली, फ्यूज बॉक्सशेजारी, जिथे त्यांना स्वतःला हात घालायला सोपे पडते. चोरालाही तेच सोपे पडते. युनिट डॅशबोर्डच्या आत, इन्स्ट्रुमेंट क्लस्टरच्या मागे किंवा एसीच्या डक्टवर, वाकून पाहिल्यावरही दिसणार नाही अशा जागी प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी घट्ट बांधावे. तारा नव्या, चकचकीत आणि रंगीबेरंगी असतात. त्यांना गाडीच्या मूळ लूमसारखी (तारांच्या जुडग्यासारखी) काळी कापडी टेप गुंडाळली की युनिटपर्यंत जाणारी वाट ओळखू येत नाही. या कामाला अर्धा तास जास्त लागतो आणि इलेक्ट्रिशियन कुरकुरतो. त्याला चहा पाजावा, पण टेप गुंडाळून घ्यावी.

जोडांबाबत हट्ट धरावा. तार दातांनी सोलून, पिळून आणि वर इन्सुलेशन टेप लावून केलेला जोड उन्हाळ्यात सुटतो, कारण बंद गाडीच्या उष्णतेत त्या टेपचा डिंक वितळतो. प्रत्येक जोड सोल्डर करून त्यावर हीट श्रिंक (उष्णतेने आवळणारी) नळी चढवावी, किंवा योग्य मापाचे क्रिम्प (दाबून बसवायचे धातूचे जोड) वापरावे. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून येणाऱ्या तारेला टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आतच फ्यूज असावा. फ्यूज दूर, डॅशबोर्डखाली बसवला तर मधली सगळी तार असंरक्षित राहते आणि ती कुठे घासून शॉर्ट झाली तर आग लागू शकते. तार इंजिनाच्या बाजूने आत येते तिथे रबरी ग्रोमेटमधूनच (भोकाच्या कडेवर बसणाऱ्या कड्यातून) आणावी, उघड्या पत्र्याच्या भोकातून नव्हे. अर्थसाठी (बॉडीला जाणाऱ्या निगेटिव्ह जोडणीसाठी) रंग खरवडून मूळ बॉडीवर बोल्ट घ्यावा. प्लॅस्टिकचे ट्रिम धरून ठेवणाऱ्या स्क्रूवर घेतलेली अर्थ वर्षभरात ढिली पडते आणि मग अलार्म कारण नसताना वाजतो.

दारांची माहिती युनिटला केबिनच्या दिव्याच्या तारेवरून मिळते, कारण दार उघडले की तोच स्विच दिव्याची अर्थ पूर्ण करतो. काही गाड्यांत मात्र मागच्या दारांना स्विचच नसतो. इलेक्ट्रिशियनने चारही दारे एकेक उघडून दिवा लागतो का, हे पाहिले पाहिजे; ज्या दाराने लागत नाही तिथे नवा स्विच बसवावा, नाहीतर त्या दाराने आत शिरणारा अलार्मला कळणारच नाही. डिकीचेही तसेच.

बॉनेटचा स्विच ही सर्वांत जास्त टाळली जाणारी आणि माझ्या मते सर्वांत गरजेची गोष्ट आहे. बॅटरी, भोंगा आणि स्टार्टरच्या तारा सगळे बॉनेटखालीच असते, आणि जुन्या गाड्यांचे बॉनेट आतली दोरी ओढून किंवा ग्रिलमधून तारेचा आकडा घालून उघडता येते. बॉनेट उघडताच अलार्म वाजला तर चोराला भोंगा तोडायला आवाजातच हात घालावा लागतो. हा स्विच काही रुपयांचा असतो, पण त्यासाठी पत्र्याला छिद्र पाडणे, त्याची उंची बॉनेटच्या रबराशी जुळवणे आणि तार आतपर्यंत आणणे हा सगळा वेळखाऊ प्रकार असल्यामुळे तो खोक्यातच राहून जातो. छिद्राच्या कडेला गंजरोधक रंग लावून घ्यावा. भोंगा तोंड खाली करून, एक्झॉस्टच्या उष्णतेपासून लांब आणि चाकाच्या पोकळीतून हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी बसवावा. तोंड वर ठेवलेला भोंगा पहिल्याच पावसाळ्यात पाण्याने भरतो.

आता रिले. इंजिन अडवण्यासाठी वापरला जाणारा साधा पाच पायांचा रिले कसा चालतो हे समजून घेतले तर इलेक्ट्रिशियनशी नीट बोलता येते. ८५ आणि ८६ ही त्याच्या कॉइलची टोके आहेत. कॉइलला वीज नसताना ३० क्रमांकाचा पाय ८७ए ला जोडलेला असतो; वीज मिळाली की तो ८७ए सोडून ८७ ला जोडला जातो. बहुतेक ठिकाणी तार कापून तिची दोन टोके ३० आणि ८७ए ला लावतात, म्हणजे अलार्म चालू असताना कोणी चावी फिरवली तर कॉइलला वीज मिळून जोडणी तुटते. यात सोय अशी की युनिट बिघडले तरी गाडी चालते. अडचणही तीच आहे: चोराने युनिटचा कप्लर उपटला तरी गाडी चालते. याउलट टोके ३० आणि ८७ ला लावली तर अलार्म बंद असल्याचा इशारा युनिटकडून आल्याशिवाय गाडी सुरूच होत नाही, मग कप्लर उपटून काही साधत नाही. मात्र ही उलटी जोडणी इंधन पंपाच्या किंवा इग्निशनच्या तारेवर केली आणि धावत्या गाडीत युनिटने दगा दिला, तर इंजिन घाटात बंद पडेल आणि पॉवर स्टिअरिंग व ब्रेकचा व्हॅक्यूम दोन्ही जातील. म्हणून ती फक्त स्टार्टरच्या तारेवर करावी. एकदा इंजिन सुरू झाले की स्टार्टरची गरज नसते, त्यामुळे धावत्या गाडीला धोका राहत नाही, आणि उभ्या गाडीला संरक्षण मात्र पूर्ण मिळते. सगळ्याच युनिटमध्ये असा इशारा देणारी तार नसते. संच घेतानाच विचारावे. रिले ४० अॅम्पिअरचा आणि तार मूळ तारेएवढी जाड असावी, नाहीतर स्टार्टर मंद फिरू लागतो.

मॅन्युअल गिअरची गाडी ढकलून सुरू करता येते, हा स्टार्टर अडवण्यातला उरलेला कच्चा दुवा. ज्यांना तोही नको असेल त्यांनी इंधन पंपाच्या तारेत एक साधा लपवलेला स्विच, अलार्मपासून पूर्णपणे स्वतंत्र, बसवून घ्यावा. तो कुठे आहे हे घरच्यांशिवाय कोणाला सांगू नये आणि तो चालत्या गाडीत गुडघ्याने दबणार नाही अशा ठिकाणी असावा.

शॉक सेन्सर

अलार्म मालकाला नकोसा होतो तो या चपट्या डबीमुळे. ती काचेवरचा किंवा पत्र्यावरचा धक्का ओळखते आणि हलक्या धक्क्याला दोन-तीन चिवचिव, जोराच्या धक्क्याला पूर्ण भोंगा असा दोन पायऱ्यांत प्रतिसाद देते. दुकानातून निघताना ती हमखास अतिसंवेदनशील ठेवलेली असते, कारण बॉनेटवर टिचकी मारली आणि अलार्म वाजला की गिऱ्हाईक खूश होते. तीच गाडी रात्री शेजारून बुलेट गेली तरी ओरडते. अनंत चतुर्दशीला ढोल-ताशाचे पथक गल्लीत शिरले की उभ्या रांगेतल्या निम्म्या गाड्या एकसाथ केकाटतात आणि कोणी मागे वळूनही पाहत नाही. सारखा वाजणारा अलार्म सोसायटीच्या वॉचमनलाही ऐकू येईनासा होतो.

डबी पातळ प्लॅस्टिकवर दुहेरी टेपने न चिकटवता स्टिअरिंग कॉलमजवळच्या धातूच्या पट्टीवर स्क्रूने बसवावी. मग तिच्यावरचा छोटा स्क्रू फिरवून संवेदनशीलता सर्वांत कमी करावी आणि गाडी नेहमीच्या जागी उभी करून काम सुरू करावे. अलार्म चालू करून एक मिनिट थांबावे, कारण बऱ्याच संचांत सेन्सर लगेच जागा होत नाही. उघड्या तळहाताने बाजूच्या काचेवर थाप मारावी. काही झाले नाही तर अलार्म बंद करून स्क्रू किंचित, घड्याळाच्या काट्याच्या पाच मिनिटांएवढा, फिरवावा आणि पुन्हा थाप मारावी. तळहाताच्या जोरदार थापेला चिवचिव आणि मुठीच्या मांसल बाजूने दिलेल्या ठोशाला पूर्ण भोंगा वाजला की तिथेच थांबावे. अंगठीच्या हाताने ठोकू नये, काच दुखावते. चारही काचांवर आणि मागच्या काचेवर करून पाहावे; मागची काच सेन्सरपासून सर्वांत लांब असल्याने तिथे प्रतिसाद थोडा कमी मिळणारच, त्यासाठी सगळी संवेदनशीलता वाढवू नये. त्या रात्री बस किंवा ट्रक जाताना अलार्म वाजला तर सकाळी स्क्रू आणखी थोडा मागे घ्यावा. बॉनेटवर झोपणारे मांजर आणि वायरिंग कुरतडणारा उंदीर हे दोन्ही खोट्या अलार्मचे नेहमीचे धनी आहेत. उंदरांचा त्रास असेल तर आधी त्याचा बंदोबस्त करावा, कारण तो अलार्मच्या तारांवरही थांबत नाही.

पैसे देण्यापूर्वी

पुढील तपासणी दुकानासमोरच करावी. काच खाली करून आत बसावे, अलार्म चालू करावा, मिनिटभराने आतून दार उघडावे. भोंगा वाजला पाहिजे. हेच प्रत्येक दाराबाबत आणि डिकीबाबत करावे. बॉनेट उघडे ठेवून त्याचा स्विच बोटाने दाबून धरावा, दुसऱ्याला अलार्म चालू करायला सांगावे आणि बोट सोडावे. अलार्म चालू असताना चावी घालून स्टार्टर फिरवून पाहावा. नुसती ‘टक्’ किंवा शांतता अपेक्षित आहे. शेवटी बॅटरीचे टर्मिनल सोडवावे आणि भोंगा स्वतःच्या बॅटरीवर वाजतो का ते ऐकावे.

रिमोटचा सेल गेल्यावर किंवा रिमोट हरवल्यावर काय करायचे, हे इलेक्ट्रिशियनकडून सांगून नव्हे, स्वतः करून शिकावे. बहुधा चावीने दार उघडायचे, भोंगा वाजू द्यायचा, इग्निशन चालू करायचे आणि ठरावीक सेकंदांत छुपा स्विच दाबायचा असा क्रम असतो. पहाटे चार वाजता वैतागलेल्या शेजाऱ्यांच्या साक्षीने तो पहिल्यांदा आठवायचा प्रसंग येऊ नये. याच वेळी युनिटच्या स्मृतीतले सर्व जुने रिमोट पुसून फक्त हातातले दोन नव्याने नोंदवून घ्यावेत. जुनी गाडी विकत घेतली आणि तिच्यात अलार्म आधीच असेल, तर हे काम पहिल्याच दिवशी करावे. सर्व्हिसिंगला गाडी देताना अलार्म व्हॅले मोडमध्ये (तो तात्पुरता बंद ठेवणाऱ्या सोयीत) टाकावा, म्हणजे मेकॅनिकला छुप्या स्विचची जागा सांगावी लागत नाही.

बिल, प्रमाणपत्र आणि वायरिंगचा कागद घरी ठेवावा, गाडीच्या डॅशबोर्डमध्ये नव्हे. दुसरी चावी आणि दुसरा रिमोटही घरी एकत्र ठेवावेत, कारण गाडी चोरीला गेल्यास दाव्याच्या वेळी विमा कंपनी एफआयआर आणि पोलिसांच्या तपास अहवालाबरोबर दोन्ही चाव्या मागते, आणि एक चावी सापडली नाही तर दावा रखडतो.

देखभाल फारशी नसते. पावसाळा संपला की बॉनेटचा स्विच पुसून त्यावर थोडे व्हॅसलिन लावावे. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेमुळे हे वर्षातून दोनदा करावे लागते, कारण गंजलेला स्विच एकतर अडकून बॉनेट उघडल्याचे कळवतच नाही किंवा बॉनेट बंद असतानाही उघडे असल्याचे कळवत राहतो. रिमोटचा पल्ला कमी झाला की सेल बदलावा. भोंग्याच्या आतली बॅटरी तीन-चार वर्षांत मरते आणि ते बाहेरून कळत नाही, म्हणून टर्मिनल सोडवून करायची ती तपासणी वर्षातून एकदा, शक्यतो दिवसाउजेडी आणि शेजाऱ्यांना सांगून, पुन्हा करावी.